पूरक आज्ञावली, मुक्त सॉफ्टवेअरमधील

एखाद्या मोठ्या संगणकीय आज्ञावलीच्या मूळ मजकुरास हात न लावता तिला नवी क्षमता देणारी, वेगळी लिहिलेली आणि हवी तेव्हा जोडता वा काढता येणारी छोटी आज्ञावली म्हणजे पूरक आज्ञावली होय. व्यवहारात ती प्लगइन, ॲड-ऑन, एक्स्टेन्शन अशा नावांनी ओळखली जाते. जिला ती जोडली जाते ती यजमान आज्ञावली. यजमान आज्ञावलीचे कर्ते तिच्या कामकाजात ठिकठिकाणी मोकळ्या जागा ठेवतात. फाइल उघडली, लेख वाचकाकडे निघाला, चित्र पडद्यावर आले, अशा प्रत्येक क्षणी ‘येथे कोणाला काही करावयाचे आहे काय?’ अशी विचारणा होते. या जागांना हुक म्हणजे आकडा असे म्हणतात. पूरक आज्ञावलीचा लेखक आपले काम अशा एखाद्या आकड्याला अडकवितो. बाकीच्या यंत्रणेची माहिती त्याला असावीच लागते असे नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात या सोयीला विशेष महत्त्व आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्ये दिलेली आहेत : आज्ञावली कोणत्याही कारणासाठी चालविणे, तिची मूळ संहिता अभ्यासून तीत बदल करणे, तिच्या प्रती इतरांना देणे आणि बदललेल्या प्रतीही इतरांना देणे. यांपैकी दुसरे स्वातंत्र्य परवान्याने सर्वांना सारखेच मिळते. पण ते उपभोगण्याची पात्रता परवाना देऊ शकत नाही. लक्षावधी ओळींची संहिता हाती आली, तरी प्रथमच आज्ञावली लिहू पाहणाऱ्या माणसाला ती ग्रंथालयाची किल्ली मिळूनही लिपी न येणाऱ्या माणसासारखीच असते. कागदावरचे हे स्वातंत्र्य सामान्य वापरणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात आले ते मुख्यतः पूरक आज्ञावलींच्या मार्गाने. हा मार्ग किती रुंद ठेवावा व त्यावर पहारा कोणाचा असावा, याविषयीचे वाद मात्र प्रारंभापासून चालत आले आहेत.

उगम : या परंपरेचा आरंभ लेखसंपादक आज्ञावलींत सापडतो. मॅसॅच्यूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे डॅन मर्फी यांनी १९६२-६३ मध्ये पीडीपी-१ या संगणकासाठी टेको नावाचा संपादक लिहिला. त्याच्या आज्ञा एकेका अक्षराच्या असत आणि त्यांच्या ओळी जोडून छोट्या आज्ञावली, म्हणजे मॅक्रो, तयार करता येत. ही भाषा इतकी आखूड व गूढ होती की, आपले नाव आज्ञा म्हणून टंकले तर मजकुराचे काय होईल हे ओळखण्याचा खेळ तेथील मंडळी खेळत. पुढे एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत मॅक्रोंचे अनेक संच तयार झाले. ज्याचा त्याचा संच वेगळा असल्याने एकाच्या संगणकापाशी दुसऱ्यास काम करणे अवघड होऊ लागले. त्यांचे एकीकरण करण्याचे काम गाय स्टील यांनी हाती घेतले आणि रिचर्ड स्टॉलमन (१९५३–    ) यांनी ते तडीस नेले. त्यातून १९७६ मध्ये एमॅक्स हा संपादक निर्माण झाला. ‘संपादक मॅक्रो’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या संक्षेपातून त्याचे नाव आले आहे. म्हणजे एमॅक्स हा जन्मतःच पूरक आज्ञावलींचा संग्रह होता. मूळ यंत्र आधी व पुरवण्या नंतर असा क्रम तेथे नव्हताच.

एमॅक्सविषयीचा जो निबंध स्टॉलमन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला त्यात किरकोळ जुळवाजुळव आणि नव्या आज्ञांची भर हे दोन प्रकार त्यांनी वेगळे दाखविले आहेत. असा संपादक आधी आराखडा आखून बनविता आला नसता, कारण आराखड्यातून आरंभीच दिसणारी उद्दिष्टेच गाठली जातात, असे प्रतिपादनही त्यात आहे. वापरणारे आपापल्या गरजेनुसार भर घालतात, त्यांतील उपयुक्त ते टिकते व इतरांकडे जाते, ही पद्धत त्यांना अधिक फलदायी वाटली. एमॅक्सची प्रत घेणाऱ्याने आपल्या सुधारणा परत द्याव्यात अशी अपेक्षाही त्या काळी होती. पुढील परवान्यांमागील विचार येथे बीजरूपाने दिसतो.

या मार्गाने आज्ञावलीकार नसलेली माणसेही आत येऊ शकतात याचे पहिले ठळक उदाहरण मल्टिक्स या परिचालन प्रणालीवरील एमॅक्सचे आहे. हनीवेल कंपनीत बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी १९७८ मध्ये हा संपादक लिहिला. टेकोऐवजी त्यांनी मॅकलिस्प ही पूर्ण विकसित भाषा वापरली व विस्तारासाठीही तीच ठेवली. त्यांच्या कार्यालयातील चिटणीस स्त्रियांनी या संपादकात स्वतःच्या सोयीच्या आज्ञा लिहिण्यास सुरुवात केली. ही हकीकत स्टॉलमन यांनी २००२ मधील एका व्याख्यानात सांगितली आहे. ज्या पुस्तिकेवरून त्या शिकल्या तीत विस्तार कसा करावा हे दिले होते. पण त्याला ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणतात असे कोठेही म्हटलेले नव्हते. ते आपल्याला जमणार नाही अशी त्यांची समजूत असल्याने तो शब्द दिसला असता, तर त्या वळल्याच नसत्या, असे स्टॉलमन यांचे म्हणणे. सुलभ भाषा, चांगली पुस्तिका व लगेच दिसणारा परिणाम या तिन्ही गोष्टी तेथे जुळून आल्या होत्या. तथापि विद्येपेक्षा विद्येच्या नावाचा धाकच मोठा ठरतो, हे या प्रसंगातून विशेष स्पष्ट होते.

जीएनयू एमॅक्स : सर्वांना मुक्तपणे वापरता येईल अशी संपूर्ण प्रणाली उभारण्याचा जीएनयू प्रकल्प स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जाहीर केला. त्यातील पहिले मोठे फळ म्हणजे १९८५ मध्ये प्रसृत झालेला जीएनयू एमॅक्स. त्याच वर्षी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली आणि १९८९ मध्ये जीएनयू सार्वजनिक परवान्याची (जीपीएल) पहिली आवृत्ती निघाली. जीएनयू एमॅक्सचा गाभा सी भाषेत आहे. पण त्याचा मोठा भाग एमॅक्स लिस्प या भाषेत लिहिलेला असून वापरणाऱ्यालाही तीच भाषा उपलब्ध असते. संपादक चालू असतानाच एखादी आज्ञा लिहून तेथल्या तेथे अमलात आणता येते. चुकली तर दुरुस्त करून पुन्हा अजमावता येते. संपादकाच्या कोणत्याही कळीमागे कोणती आज्ञा आहे हे त्यालाच विचारता येते व तिच्या संहितेपर्यंत जाता येते.

एमॅक्स वापरणाऱ्याची स्वतःची एक प्रारंभ-फाइल असते. तीत तो प्रथम कोणा मित्राच्या फाइलमधून दोन ओळी उतरवून घेतो, पुढे त्यांतील एखादा अंक वा नाव बदलतो, मग एक अट घालतो. काही वर्षांनी ती फाइल शेकडो ओळींची झालेली असते आणि आपण केव्हा आज्ञावली लिहू लागलो हे त्याला सांगता येत नाही. आज्ञावलीकार नसलेल्यांसाठी रॉबर्ट चॅसेल यांनी लिहिलेले एमॅक्स लिस्पचे प्रवेशपुस्तक याच वाचकासाठी असून ते संपादकाबरोबरच दिले जाते. अशा वैयक्तिक गरजेतून निघालेल्या पूरक आज्ञावलींत ऑर्ग ही सर्वांत प्रसिद्ध म्हणता येईल. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये स्वतःच्या टिपणांची व कामांची व्यवस्था लावण्यासाठी ती लिहिली. ते नवशिके नव्हते, पण व्यवसायाने आज्ञावलीकारही नव्हते. २००७ मध्ये ऑर्गचा समावेश खुद्द एमॅक्समध्ये झाला.

गिम्प : संपादकांच्या जगात वापरणारा निदान टंकलेखनाला सरावलेला असे. चित्रांच्या क्षेत्रात पूरक आज्ञावली आली ती व्यापारी सॉफ्टवेअरमधून. अडोबी कंपनीच्या फोटोशॉपमध्ये १९९० च्या पहिल्या आवृत्तीपासूनच तिची सोय होती. त्यामुळे प्लगइन ही काही मुक्त सॉफ्टवेअरची मिरास नव्हे. मात्र तेथे यजमान आज्ञावली बंद असते आणि कर्त्याने जेवढे दार उघडले तेवढ्यातूनच पाहावे लागते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला गिम्प हा चित्रसंपादक १९९६ च्या आरंभी लोकांपुढे आला, तेव्हा त्यातही पूरक आज्ञावलींची योजना होती. (गिम्पच्या चित्रफाइलींना ‘एक्ससीएफ’ हे नाव आहे, ते या दोघांच्या विद्यार्थी-मंडळाच्या नावाचे संक्षिप्त रूप होय.)

गिम्पच्या रचनेतील एक निर्णय नवशिक्यांना फार मानवणारा ठरला. पूरक आज्ञावली ही यजमान आज्ञावलीच्या पोटात न चालता स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालते आणि दोघींत निरोपांची देवाणघेवाण होते. नवख्याच्या हातून स्मृतीच्या वापरात चूक झाली, तर त्याची आज्ञावली कोसळते; गिम्प व त्यात उघडलेली चित्रे सहसा शाबूत राहतात. दुसऱ्याच्या कामाचे नुकसान होण्याची धास्ती नसली की माणूस प्रयोग करू लागतो. पुढे गिम्पमधील सर्व क्रियांची एक नोंदवही ठेवण्यात आली. कोणती क्रिया कोणत्या नावाने बोलवावी व तिला काय पुरवावे हे तीत पाहता येते, आणि सी, स्कीम किंवा पायथन यांपैकी कोणत्याही भाषेतून त्या क्रिया वापरता येतात. स्कीमवर आधारलेल्या स्क्रिप्ट-फू या सोयीमुळे शंभर चित्रांचा आकार एकदम बदलणे, अक्षरांना सावली देणे अशी कामे दहावीस ओळींत होऊ लागली. किंबॉल व मॅटिस पदवी घेऊन नोकरीस लागल्यावरही इतर स्वयंसेवकांनी काम पुढे नेले आणि १९९८ मध्ये गिम्पची १.० ही आवृत्ती प्रसृत झाली.

परवान्याचा प्रश्न : पूरक आज्ञावली ही स्वतंत्र कृती की यजमान आज्ञावलीचाच भाग, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा वाटतो, पण मार्गाची रुंदी त्यावरच ठरते. सार्वजनिक परवान्यानुसार मुक्त आज्ञावलीत भर घालून ती वितरित करणाऱ्याने ती भरही त्याच परवान्याखाली खुली करावयाची असते. बंद परवान्याची पूरक आज्ञावली जोडून कोणी हे बंधन चुकवू लागला, तर परवान्याचा हेतूच विफल होईल. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका अशी आहे की, दोन आज्ञावली परस्परांची फंक्शने बोलावीत असतील व स्मृतीतील रचना वाटून घेत असतील, तर त्या मिळून एकच कृती होते. नुसती वेगळी प्रक्रिया सुरू करून दिल्यास त्या सामान्यतः भिन्न ठरतात. गिम्पच्या कर्त्यांनी जोडणीचे ग्रंथालय अधिक सैल परवान्याखाली ठेवून या प्रश्नाची धार कमी केली.

जीसीसी या कंपायलरच्या बाबतीत मात्र हा प्रश्न अनेक वर्षे अडून राहिला. १९८७ मध्ये प्रसृत झालेल्या या आज्ञावलीला पूरक आज्ञावलींची सोय देण्यास स्टॉलमन यांचा विरोध होता. बंद सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या कंपायलरचा मुक्त भाग वापरतील व आपला भाग झाकून ठेवतील, ही भीती निराधार नव्हती. नेक्स्ट कंपनीने आपला ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेचा भाग संहिता न देता वितरित करण्याचा प्रयत्न केला होता व परवान्यामुळेच तो तिला खुला करावा लागला. परंतु या सावधगिरीची किंमतही मोठी होती. कंपायलरमध्ये एखादी नवी कल्पना अजमावू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला जीसीसीच्या अवाढव्य संहितेत उतरण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील (आयआयटी) जीसीसी संसाधन केंद्राने या कंपायलरची अंतर्रचना समजावून देण्यासाठी कार्यशाळा घेतल्या, त्या याच अडचणीपायी. दरम्यान इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर यांनी २००० मध्ये सुरू केलेला एलएलव्हीएम हा प्रकल्प सुट्या भागांच्या रचनेमुळे संशोधकांना जवळचा वाटू लागला. अखेर २००९ मध्ये परवान्यातील अपवादाचे कलम नव्याने लिहिले गेले आणि २०१० मधील ४.५ या आवृत्तीत जीसीसीला पूरक आज्ञावली जोडता येऊ लागली. तीतही एक अट आहे : आपला परवाना जीपीएलशी सुसंगत असल्याची घोषणा करणारे एक ठरावीक नाव आज्ञावलीत असल्याखेरीज कंपायलर तिला स्वीकारीत नाही. ही सोय काही वर्षे आधी झाली असती, तर विद्यार्थ्यांचा ओढा इतका दुसरीकडे गेला नसता, असे म्हणण्यास जागा आहे.

वर्डप्रेस : संख्येच्या दृष्टीने पाहता नवशिक्यांना सर्वाधिक संधी देणारी यजमान आज्ञावली म्हणजे वर्डप्रेस होय. संकेतस्थळावर लेख प्रसिद्ध करण्याची बी२ नावाची एक मुक्त आज्ञावली तिच्या कर्त्याकडून पुढे चालविली जाईना, तेव्हा मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी तिच्या संहितेवरून मे २००३ मध्ये वर्डप्रेस सुरू केले. मुलेनवेग त्या वेळी १९ वर्षांचे विद्यार्थी होते. दुसऱ्याची आज्ञावली पुढे नेण्यास त्यांना कोणाची अनुमती मागावी लागली नाही, कारण ती परवान्यानेच दिलेली होती. मे २००४ मधील १.२ या आवृत्तीत पूरक आज्ञावलींची यंत्रणा आली.

तिची रचना सोपी आहे. ठरलेल्या फोल्डरमध्ये पीएचपी भाषेतील एक फाइल ठेवावयाची व तिच्या माथ्याशी टिपणाच्या स्वरूपात आज्ञावलीचे नाव लिहावयाचे, एवढ्यावर वर्डप्रेस तिला ओळखते. पुढे आकडे दोन प्रकारचे : अमुक घडले की तमुक कर असे सांगणारे आणि जाणारा मजकूर आपल्या हातून जाऊ देऊन तो बदलून परत देणारे. प्रत्येक लेखाच्या तळाशी एक वाक्य छापावयाचे असेल, तर चारपाच ओळी पुरतात. नमुन्यादाखल वर्डप्रेसबरोबर ‘हॅलो डॉली’ ही आज्ञावली अनेक वर्षे देण्यात येत आली. लुई आर्मस्ट्राँग यांच्या गायनामुळे गाजलेल्या त्याच नावाच्या गीतातील एखादी ओळ व्यवस्थापकाच्या पडद्यावर दाखविणे एवढेच तिचे काम. तिचा व्यावहारिक उपयोग शून्य; पण जेमतेम शंभरेक ओळींत नाव, परवाना, फंक्शन व आकडा हे सर्व एकत्र पाहावयास मिळत असल्यामुळे असंख्य नवशिक्यांनी तीच पुढे ठेवून आपली पहिली आज्ञावली लिहिली. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातील पूरक आज्ञावलींची संख्या पुढे पन्नास हजारांवर गेली.

या सोपेपणाची दुसरी बाजू गंभीर आहे. गिम्पप्रमाणे येथे वेगळी प्रक्रिया नाही. पूरक आज्ञावली यजमानाच्याच अधिकाराने चालते आणि संकेतस्थळाचा संपूर्ण विदासंचय तिच्या हाती असतो. वाचकाने चौकटीत टंकलेला मजकूर न तपासता विदासंचयाच्या आज्ञेत गुंफणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. शिकाऊ माणसाच्या घरच्या संगणकावर ती निरुपद्रवी असते; पण तीच आज्ञावली हजारो संकेतस्थळांवर बसविली गेली की घुसखोरांना वाट मिळते. २०११ मध्ये टिमथंब या चित्रे लहान करणाऱ्या छोट्या संहितेत असा दोष आढळला. ती अनेक सजावटसंचांत व पूरक आज्ञावलींत उतरवून घेतलेली होती आणि आपण ती वापरीत आहोत हे पुष्कळ संकेतस्थळचालकांना ठाऊकही नव्हते. २०१७ मध्ये तर एक लोकप्रिय पूरक आज्ञावली तिच्या कर्त्याने विकल्यावर नव्या मालकाने तीत छुपी संहिता घातल्याचे उघडकीस आले व ती संग्रहातून काढून टाकावी लागली. अधिकृत संग्रहात प्रवेश देण्यापूर्वी आज्ञावली तपासली जाते. तथापि पुढील प्रत्येक आवृत्तीवर तशीच नजर ठेवणे मनुष्यबळाच्या दृष्टीने कठीण आहे.

फायरफॉक्स : स्वातंत्र्य व सुरक्षितता यांचा झगडा सर्वांत तीव्रपणे दिसला तो फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये. नेटस्केप कंपनीने मार्च १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरची संहिता खुली केली. त्या कामातून नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची १.० आवृत्ती आली. या ब्राउझरच्या खिडक्या, कळपट्ट्या व यादीपत्रे ही जवळजवळ वेबपृष्ठांच्याच भाषांत लिहिलेली होती. त्यामुळे ज्याला साधे वेबपृष्ठ बनविता येत असे त्याला ब्राउझरच्या अंगोपांगांत बदल करणे आवाक्यात आले. शिवाय पूरक आज्ञावलीची फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक साधी झिप फाइल असे. नाव बदलून ती उलगडली की दुसऱ्याची संहिता समोर येई. ती वाचून, थोडी बदलून, पुन्हा बांधून वापरता येई. त्या पिढीतील कित्येकांची ही शाळाच होती. जाहिराती गाळणे, पृष्ठाची रचना तपासणे, मोठ्या फाइली तुकड्यांनी उतरविणे अशा कित्येक सोयी प्रथम पूरक आज्ञावलींतून आल्या. २००५ मध्ये आलेल्या ग्रीसमंकीने तर पूरक आज्ञावली लिहिण्याचीही गरज ठेवली नाही. आवडत्या संकेतस्थळावर आपल्या दहा ओळी चालविता येऊ लागल्या.

पण पूरक आज्ञावलींना ब्राउझरच्या कोणत्याही अवयवाला हात घालता येत असल्याने कोणता अवयव बदलला म्हणजे कोणाची आज्ञावली मोडेल हे सांगता येईना. ब्राउझर अनेक प्रक्रियांत विभागून तो वेगवान व सुरक्षित करण्याचे काम त्यामुळे रखडले. फसव्या आज्ञावलींचा उपद्रवही वाढला होता. ऑगस्ट २०१५ मध्ये मोझिलाने जुनी पद्धत बंद करून ठराविक आंतरपृष्ठापुरती मर्यादित असलेली नवी पद्धत आणण्याचे जाहीर केले. पूरक आज्ञावलींवर मोझिलाची अंकीय स्वाक्षरी असणेही सक्तीचे झाले. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या ५७ व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीच्या सर्व पूरक आज्ञावली एकाच दिवशी निरुपयोगी झाल्या. नोस्क्रिप्टसारख्या काहींच्या कर्त्यांनी त्या नव्याने लिहून काढल्या; डाउनदेमऑल ही २०१९ मध्ये परत आली, पण पूर्वीच्या सर्व सोयींनिशी नव्हे. फावल्या वेळात लिहिलेल्या पुष्कळशा कायमच्या लोपल्या. ज्याने आयुष्यात एकच आज्ञावली लिहिली होती त्याला ती दुसऱ्यांदा पहिल्यापासून लिहिण्याचा हुरूप क्वचितच राहतो. मे २०१९ मध्ये स्वाक्षरीसाठीच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपल्याने जगभरच्या फायरफॉक्समधील जवळजवळ सर्व पूरक आज्ञावली अचानक बंद पडल्या, तेव्हा पहारेकऱ्याच्या हाती एकच किल्ली असण्यातील धोकाही दिसून आला. असे असले, तरी मोझिलाचा मूळ निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. बहुसंख्य वापरणारे पूरक आज्ञावलीची संहिता कधीच वाचीत नाहीत आणि त्यांच्या बँकेचे व्यवहार त्याच खिडकीतून होत असतात. गिम्पच्या मार्च २०२५ मधील ३.० या आवृत्तीतही आंतरपृष्ठ बदलल्याने जुन्या पूरक आज्ञावलींची दुरुस्ती करणे भाग पडले.

भारतात मुक्त सॉफ्टवेअरच्या अध्यापनाची मोठी सोय मुंबईच्या आयआयटीमधील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पाने केली. गिम्प, पायथन, पीएचपी इत्यादींचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्याने उपलब्ध केले असून ते शिक्षकाविना एकट्याने शिकणाऱ्यासाठी आखलेले आहेत. आज्ञावली लिहिण्याची भाषा इंग्रजी शब्दांचीच राहत असली, तरी तिचे विवरण आपल्या भाषेत ऐकावयास मिळणे हे नवशिक्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

मराठीच्या दृष्टीने विशेष उपयोगी अशी एक पूरक आज्ञावली प्रत्यक्षात आज्ञावलीच नाही. लिब्रेऑफिस व फायरफॉक्स यांना जोडता येणारे मराठी शुद्धलेखन-तपासणीचे कोश हनस्पेल या मुक्त यंत्रणेवर चालतात. ही यंत्रणा मूळ हंगेरियन भाषेसाठी तयार झाली. हंगेरियनमध्ये मराठीप्रमाणेच शब्दांना प्रत्ययांची माळ लागते, त्यामुळे ती मराठीला सोयीची आहे. तिला दोन साध्या मजकूर-फाइली लागतात : एक शब्दांची यादी आणि दुसरी प्रत्ययांचे नियम. यादीच्या आरंभी शब्दांची अंदाजी संख्या असते व प्रत्येक शब्दापुढे त्याला लागू असणाऱ्या नियमाची खूण. ‘माणूस’ या शब्दाच्या अखेरचा ‘ूस’ काढून ‘साला’, ‘साने’, ‘सात’ लावा, असा नियम लिहिला की तोच ‘कापूस’ या शब्दालाही चालतो. परंतु ‘पाऊस’ला त्याने ‘पावसाला’ हे रूप मिळत नाही आणि ‘जासूस’चे ‘जासुसाला’ होत असल्याने तेथेही तो लागू पडत नाही. अशा शब्दांना निराळी खूण द्यावी लागते. हे काम करणाऱ्याला सी किंवा पायथन यांचे ज्ञान नसले तरी चालते. सामान्यरूपाचे नियम मात्र अपवादांसह माहीत असावे लागतात.